साखरेबरोबर झोपेचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 14 नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन येतो आणि त्या सुमारास आपल्या गोव्यात पंचायतींच्या सभागृहांत, देवळांच्या अग्रशाळांत आणि शाळांत तपासणी शिबिरे भरतात. बोटाला टोचून साखर पाहिली जाते, एक आकडा कागदावर लिहून दिला जातो, ‘गोड कमी करा, चालायला जा’ असे सांगितले जाते आणि रांग पुढे सरकते. ही शिबिरे हवीतच, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्याच राज्यात आढळले होते. देशाची सरासरी 11.4 टक्के असताना गोव्याचा आकडा 26.4 टक्के होता, म्हणजे प्रौढांमध्ये दर चौघांमागे एकाहून थोडे अधिकच. मात्र डिचोलीच्या बाजारात गेली 26 वर्षे औषधांचे दुकान चालवताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली आहे. ज्या आजाराला आपण ‘साखर’ म्हणतो तो खरे तर रक्तवाहिन्यांचा आजार आहे, आणि त्या वाहिन्यांवर साखरेइतकाच घाव घालणाऱ्या मनःस्तापाची आणि तुटलेल्या झोपेची विचारपूस आपल्या तपासणीत कुठेच होत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझ्या थोरल्या भावाची हकीकत सांगते. त्याचे दोन ट्रक खनिज वाहतुकीला होते, त्यांपैकी एक बँकेच्या कर्जावर घेतलेला. त्याला मधुमेह असल्याचे 2009 साली कळले होते, पण गोळ्या आणि थोडे पथ्य यांवर साखर आटोक्यात होती. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या आणि दोन्ही ट्रक घराशेजारच्या माडांखाली उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढच्या काही महिन्यांत त्याची साखर वाढत गेली. ज्या दवाखान्यात तो दाखवत असे तिथे त्याला ‘तुम्ही चोरून गोड खाता’ असे चारचौघांसमोर सुनावण्यात आले. घरी आल्यावर वहिनीने साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावले. खरे तर तो गोड खात नव्हता. तो झोपत नव्हता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सोप्यावर बसून राहायचा, पहाटे कधीतरी डोळा लागायचा, आणि सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर आदल्या रात्री नीट जेवलेल्या माणसापेक्षाही जास्त यायची. हे असे का होते, हे त्याला कुणी समजावून सांगितले नाही. मी स्वतः औषधनिर्माणशास्त्र शिकलेली असूनही तेव्हा मलाही त्याला धीराने समजावता आले नाही, याची खंत मला आजही आहे.

तीन पावसाळे असेच गेले. एका दुपारी भर पावसात तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय अनवाणी होता. चप्पल वाटेत गटाराजवळ निसटली होती आणि तशाच पायाने तो निम्मा बाजार ओलांडून आला होता, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. मी त्याला स्टुलावर बसवून पाय पुसला. अंगठ्याच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जखम होती, तिच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि मी ती कापसाने स्वच्छ करत असताना तो माझ्याशी पावसाबद्दल बोलत होता. त्याला काहीही दुखत नव्हते. पुढे अंगठा काढावा लागला आणि त्याच वेळच्या तपासण्यांत हृदयाच्या दोन वाहिन्याही अरुंद झाल्याचे निघाले. पायाची बधिरता, न भरणारी जखम आणि हृदयाच्या वाहिन्या हे तीन वेगळे आजार नव्हते. बारीक वाहिन्यांतून नसांना आणि कातडीला रक्त पुरेसे मिळेनासे झाले होते, मोठ्या वाहिन्या आतून चिंचोळ्या होत आल्या होत्या, आणि या दोन्हींच्या मुळाशी वाहिन्यांच्या आतल्या अस्तराची वर्षानुवर्षे झालेली हानी होती.

या अस्तराविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ते समजले की बाकीचे आपोआप उलगडते. रक्तवाहिनी म्हणजे निव्वळ नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, आणि रक्ताचा प्रवाह वाढला की हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून भोवतालच्या स्नायूंना सैल व्हायला सांगतो. वाहिनी रुंदावते, रक्ताचा दाब फार चढत नाही, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) भिंतीला चिकटत नाहीत. या अस्तराचे महत्त्व रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली दाखवून दिले आणि तो संदेश देणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असल्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसवाडीतली खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर उमगेल. बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, शाबूत असेल तर भरती-ओहोटीचे पाणी हवे तेवढेच आत-बाहेर होते. खेकड्यांनी बांधात बिळे केली तर वरून बांध धडधाकट दिसत राहतो, पण खारे पाणी आत झिरपू लागलेले असते. अस्तर बिघडते तेव्हा तसेच होते. वाईट कोलेस्टेरॉल भिंतीच्या आत शिरते, त्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच अडकून फुगतात, त्यांचा मेदाळ थर साचत जातो, आणि एखाद्या दिवशी त्या थरावरचे पातळ आवरण फाटले की तिथे रक्ताची गुठळी होऊन वाहिनी बंद पडते. हे हृदयाच्या वाहिनीत झाले तर त्याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो, आणि तेच मेंदूत झाले तर पक्षाघात.

रक्तातली वाढलेली साखर या अस्तराला अनेक वाटांनी त्रास देते. ती भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांना ताठर करते, पेशींत घातक ऑक्सिजन-कण वाढवते आणि ते कण तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथे संपवून टाकतात. इन्शुलिनचे जे दुसरे काम आहे ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. इन्शुलिन केवळ साखर पेशींत पोहोचवत नाही, ते अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायलाही सांगते. पोटाचा घेर वाढलेल्या माणसाचे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते तेव्हा वाहिनी सैल करणारा हा निरोप अडतो, आणि त्याच इन्शुलिनचा वाहिनी आवळणारा निरोप मात्र पोहोचतच राहतो. म्हणून मधुमेहाचे निदान होण्याच्या कितीतरी आधी, साखर ‘बॉर्डरवर’ असतानाच, वाहिन्यांचे बिघडणे सुरू झालेले असते. ‘अजून गोळ्या नाहीत, फक्त बॉर्डरवर आहे’ असे हसत सांगणारे गिऱ्हाईक दुकानात आले की मला काळजी वाटते ती यासाठी. पुरुषांच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटीमीटर ही आपल्या भारतीय बांध्यासाठीची मर्यादा आहे, आणि घरातल्या शिवणाच्या टेपने ती कुणालाही फुकटात तपासता येते.

आता मनाच्या ताणाकडे वळते. भीती, अपमान, चिंता यांच्या क्षणी शरीर ॲड्रेनलिन सोडते. नाडी वेगाने चालते, वाहिन्या आवळतात, रक्त गोठण्याची तयारी वाढते. अंगावर बैल धावून आला तर हे सगळे उपयोगाचे असते, कारण ते पाच मिनिटांत संपते. बँकेची नोटीस पाच मिनिटांत संपत नाही. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते आणि त्यामुळे यकृत उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते, चरबी पोटाभोवती साचते, स्नायू इन्शुलिनला जुमानत नाहीत. माझ्या भावाची सकाळची साखर गोड न खाताही चढत होती, त्याला हेही एक कारण होते. अस्तराची तपासणी करण्याची एक पद्धत आहे. दंडाला पट्टा आवळून काही मिनिटांनी सोडतात आणि रक्ताचा लोंढा आल्यावर धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजतात. निरोगी माणसांना थोडाच वेळ मानसिक ताण देऊन ही मोजणी केली तर तासाभरानंतरही त्यांची धमनी नेहमीइतकी रुंदावत नसल्याचे दिसले आहे. तीन-चार मिनिटांच्या ताणाचा परिणाम तासभर टिकत असेल, तर महिनोन्‌महिने हप्त्याची तारीख डोळ्यांपुढे असलेल्या माणसाच्या वाहिन्यांना उसंत कधी मिळणार?

झोपेचेही तसेच आहे. 1999 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 11 निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटली होती. गोव्यात आज कितीतरी मुले-मुली रात्रपाळीवर आहेत. कोण मांडवीतल्या कॅसिनोंत, कोण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, कोण वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत. रात्री दोन वाजता पुलाव किंवा पाव-भाजी खाऊन सकाळी घरी येऊन झोपणारा तिशीतला मुलगा ॲसिडिटीच्या गोळ्या न्यायला येतो तेव्हा मी त्याला हळूच विचारते, ‘बाबा, प्रेशर कधी पाहिलेस का?’ बहुतेकांनी ते पाहिलेले नसते. 52 देशांत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागची जी नऊ कारणे पुढे आणली, त्यांत तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताण होता. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात असे दिसले की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे लवकर येतो. तिशीतल्या मुलाला मी विचारते, त्यामागे हे आहे.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. ‘मला काही आजार नाही, टेन्शनमुळे साखर वाढली आहे, टेन्शन गेले की उतरेल’ असे म्हणून गोळ्या बंद करणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. विशेषतः गणेश चवथीच्या आधी हे फार होते. माटोळीचे सामान, फटाके, पोरांचे कपडे यांचा खर्च डोक्यावर असतो, तेव्हा पंधरा गोळ्यांच्या पट्टीतल्या पाचच कापून मागितल्या जातात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरात नेवऱ्या आणि मोदक असतात. ताणामुळे साखर चढली असली तरी वाहिनीच्या भिंतीला तिचे कारण कळत नाही. साखर कोणत्याही कारणाने चढो, घाव तोच असतो. म्हणून ताण आहे म्हणून औषध थांबवायचे नाही. उलट ताणाच्या दिवसांत साखर आणि रक्तदाब अधिक वेळा तपासायचे, आणि गोळ्यांत फेरफार करायचा तर तो डॉक्टरांनी. तंबाखू, दारू, मीठ यांचाही हिशोब यात येतोच. सुके बांगडे, खाऱ्या कैऱ्या आणि लोणची ही आपली पावसाळ्यातली चव आहे हे मान्य करूनही ज्याचा रक्तदाब चढलेला आहे त्याने ती चाखण्यापुरतीच ठेवावी. उकड्या तांदळाची पेज असली तरी ती भातच आहे आणि ताटात तिच्या जोडीला डाळ, भाजी, मासळी भरपूर नसेल तर साखर चढणारच.

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मात्र आपण सर्वांनी, डॉक्टरांसकट, देणे थांबवावे असे मला वाटते. हप्ता भरायचा आहे, मुलगी परीक्षेला बसली आहे, नवरा बोटीवर सहा महिने दूर आहे, सासू अंथरुणाला खिळली आहे. अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने तिचा भार तिळभर हलका होत नाही, उलट आता आजारही तिच्याच चुकीने झाला अशी भावना तिच्या मनात रुजते. मग ती माझ्याकडे येऊन हळू आवाजात झोपेची गोळी मागते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दिल्या तर त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते, म्हणून मी नाही म्हणते. ती निघून जाते. तिला कुठे पाठवायचे, याचे उत्तर माझ्याकडे बरीच वर्षे नव्हते.

रक्तदाबाच्या बाबतीतही दुकानात रोज जे दिसते ते सांगण्यासारखे आहे. आमच्या गल्ल्याशेजारी एक यंत्र आणि पाठीला टेकू असलेली एक खुर्ची ठेवलेली आहे. एक गृहस्थ दुपारी बँकेतून थेट आले, उभ्या उभ्याच ‘प्रेशर बघा’ म्हणाले. आकडा आला 168 वर 102. त्यांना बसवले, पाय जमिनीवर सपाट ठेवायला सांगितले, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवला, बोलू नका म्हटले. दहा मिनिटांनी 146 वर 92. ते खूश झाले, ‘बघा, काहीच नव्हते’ म्हणाले. पण 146 म्हणजे काहीच नसणे नव्हे, आणि 168 हा आकडाही खोटा नव्हता. दिवसातून जितक्या वेळा त्यांच्या मनावर तो प्रसंग येत असेल तितक्या वेळा त्यांच्या वाहिन्यांच्या भिंतीवर तेवढा मारा होत असणार. मी दोन्ही आकडे, वेळ आणि परिस्थिती कागदावर लिहून दिली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तो कागद डॉक्टरांना दाखवायला सांगितले. नुसत्या एका आकड्यावरून ना घाबरावे, ना निश्चिंत व्हावे.

आणखी एक विषय आहे. तो संकोचाचा असला तरी लिहायलाच हवा. पुरुषांमधली लैंगिक दुर्बलता पुष्कळदा वाहिन्यांच्या बिघाडाची पहिली खूण असते, कारण तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात आणि त्यांचे कामही त्याच नायट्रिक ऑक्साइडवर चालते. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत दुकानाबाहेर थांबून, मग दबक्या आवाजात ‘ती’ गोळी मागणारे चाळिशीतले गृहस्थ प्रत्येक औषधविक्रेत्याला माहीत आहेत. त्यांनी गोळीआधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घेणे अधिक गरजेचे असते. ज्यांना छातीत दुखले तर जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी गोळी दिलेली आहे त्यांनी तर सिल्डेनाफिल, म्हणजे ‘ती’ गोळी, कधीही घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब एकाएकी इतका खाली जाऊ शकतो की माणूस दगावतो.

छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ समजण्याची सवय तर फारच महागात पडते. मधुमेह जुना झाला की नसा बधिर होतात आणि झटका आला तरी ठरावीक कळ येईलच असे नाही. नुसता घाम, दम, जबडा किंवा पाठ दुखणे, विलक्षण थकवा, एवढीच लक्षणेही असू शकतात, आणि बायकांमध्ये हे अधिक दिसते. अशा वेळी ॲसिडिटीचे औषध घ्यायला कुणी आले तर मी ते विकत नाही, 108 ला फोन लावते. आपल्या सरकारच्या ‘स्टेमी गोवा’ या हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठीच्या उपक्रमात लहान केंद्रावर काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या केंद्रावरच देता येते. ही सोय आपल्या गावाजवळ असताना सोडा पिऊन तास-दोन तास घालवणारी माणसे पाहिली की जीव तुटतो.

आता मूळ मागणीकडे येते. मनाचा आणि शरीराचा आजार एकाच छताखाली कसा हाताळावा, याचे उत्तर आपल्याला परदेशात शोधायला नको, ते गोव्यातच सापडले आहे. ‘संगाथ’ या इथल्या संस्थेसोबत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना, विशेषतः सरकारी केंद्रांत, लाभ झाल्याचे त्यातून दिसले. पुढे 2017 मध्ये अशाच समुपदेशकांनी दिलेल्या थोड्या बैठकांच्या उपचाराने तीव्र नैराश्यही कमी होते हे याच संस्थेच्या गोव्यातल्या दुसऱ्या चाचणीने दाखवले. जगभरातले देश ज्याचे दाखले देतात ते काम आपल्याच आरोग्य केंद्रांच्या बाकांवर झाले. तरीही मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला नियमित तपासणीच्या दिवशी अशा माणसासमोर बसण्याची सोय आमच्या भागात तरी माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की साखर आणि रक्तदाब तपासण्याच्या केस पेपरवर दोन प्रश्न छापावेत. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला वारंवार उदास किंवा हताश वाटले का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? हे प्रश्न जगभर वापरले जातात, विचारायला मिनिटभरही लागत नाही, आणि परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला ते विचारता येतात. त्यांच्या जोडीला ‘रात्री किती तास झोपता’ एवढे विचारावे. ज्यांची उत्तरे काळजीची असतील त्यांना त्याच दिवशी, त्याच इमारतीत, प्रशिक्षित समुपदेशकाशी अर्धा तास बोलता यावे. वेगळ्या दिवशी वेगळ्या ठिकाणी बोलावले तर आमची माणसे जाणार नाहीत, कारण एक दिवसाची मजुरी बुडते आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ गेल्याचा बोभाटा होतो. त्याच बैठकीत वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेहीची चप्पल काढून पाय पाहिले जावेत, लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासले जावे आणि डोळ्यांचा पडदा दाखवण्यासाठी चिठ्ठी दिली जावी. पाय, मूत्रपिंड आणि डोळा या तिन्ही ठिकाणी बारीक वाहिन्यांची अवस्था सर्वांत आधी कळते.

एवढे करून उपयोग होतो का, असे कुणी विचारेल. डेन्मार्कमधल्या स्टेनो-2 या अभ्यासात, ज्यांच्या लघवीत थोडे अल्ब्युमिन जाऊ लागले होते अशा 160 मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि राहणी या सर्वांकडे एकत्रितपणे आणि काटेकोरपणे लक्ष दिले गेले. सुमारे आठ वर्षांनी त्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकारांचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या जवळपास निम्मा होता. अस्तर बिघडते तसे ते सावरतेही. तंबाखू सोडली, रोज अर्धा तास पाय उचलून चालले, दाब आणि साखर उतरली, झोप परतली की ते पुन्हा काम करू लागते. माझ्या भावाचा अंगठा परत आला नाही, पण 2018 मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा तो कोलमडला नाही. तोपर्यंत त्याने ट्रक विकून कर्ज मिटवले होते, एका ओळखीच्या समुपदेशक बाईंशी तो वर्षभर बोलत होता आणि रोज पहाटे मये तळ्यापर्यंत चालत जात होता. गोळ्या त्याच होत्या. तिमाही साखर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी, साडेनऊ टक्क्यांवरून सातच्या आत आली होती.

आम्हा औषधविक्रेत्यांनीही आपला वाटा उचलावा असे मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगत असते. एक खुर्ची, एक चांगले यंत्र आणि पाच मिनिटांची शांतता, एवढी जागा प्रत्येक दुकानात निघू शकते. केंद्रातल्या समुपदेशकाचे नाव, वार आणि वेळ खात्याने आम्हाला कळवली तर ती पाटी मी उद्याच माझ्या गल्ल्यावर लावीन आणि झोपेची गोळी मागायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिथे पाठवीन.

आपली नम्र,
एक औषधविक्रेती, डिचोली